टेम्पोच्या दाराची काच

मंडळी, आपल्याकडे छोट्या मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतात. गाडी कुठल्याही कंपनीची असो, "टेम्पो आला का?" असंच विचारायचं. हा शब्द आला जर्मनीतून. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव टेम्पो होतं. त्या कारखान्याशी करार करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. आधी तीनचाकी आली, मग १९६९ मध्ये मॅटाडोर. कंपनीचं नाव पुढे बदललं, जर्मन कारखाना तर केव्हाच मिटला, पण शब्द वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत अजून ठणठणीत आहे. २००५ साली टाटांची एस आली. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' केलं, तरी मालाची गाडी म्हटली की तोंडात टेम्पोच येतो.

आता हा टेम्पो विजेवर चालू लागला आहे. २०२२ साली छोट्या हत्तीची विजेची आवृत्ती आली, २०२४ साली महिंद्रांची झिओ आली, इतरही आहेत. आमच्या वाशिमच्या बाजारातून अशी गाडी मागून येते तेव्हा कळतसुद्धा नाही. आवाजच नाही! परवा एक म्हातारी माझ्यादेखत दचकली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बापा, घंटी तरी वाजव."

माझ्या पुतण्यानं अशी एक गाडी घेतली आहे. कोणत्या कंपनीची ते इथे महत्त्वाचं नाही. पाण्याचे जार, किराणा, कधी शाळेची बाकं, असा त्याचा व्यवसाय. गेल्या पावसाळ्यात मालेगाव रस्त्याला कडेचं गवत कापणं चालू होतं, तिथून एक खडा उडाला आणि डाव्या दाराच्या काचेवर बसला. खडा केवढा, तर हरभऱ्याएवढा. ठप्प असा आवाज झाला आणि अख्खी काच साखरेच्या खड्यांसारखी खाली बसली. शेजारी बसलेल्या पोऱ्याच्या मांडीवर ढीग. पण अंगावर ओरखडासुद्धा नाही!

पुढे आमच्या घरात जो वाद झाला, त्यामुळे हा लेख लिहायला बसलो. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं की, "एवढीशी काच. बाजारात काचवाल्याकडून कापून आणा आणि बसवा. आपल्या वेळी नाही का बसवत होतो?" आणि पुतण्याचं म्हणणं, "काका, ते जमत नाही जी आता." दोघांचंही खरं आहे. मधल्या काळात काय झालं, ते सांगण्यासारखं आहे.

आपल्या महाराष्ट्रात काचेचा इतिहास सांगायचा तर तळेगाव दाभाड्यापासून सुरुवात करावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या डोक्यात एक कल्पना आली. प्रत्येक माणसाकडून फक्त एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करायचे. हाच पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी कल्पना उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. (आमचा वाशिम, म्हणजे इंग्रजांचा 'बासिम' जिल्हा, त्याच्या तीन वर्षं आधी, १९०५ साली मोडून अकोल्यात घातला होता. पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. असो, हे दुखणं वेगळं.)

कारखान्याला काचेचा जाणकार हवा होता. जपान आणि अमेरिकेत हे काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. तिथे काम होई आणि मुलं शिकतही असत. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला, ओगलेवाडी वसली आणि 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. माझ्या पिढीतले पुष्कळ लोक त्या कंदिलाच्या उजेडात पाढे शिकले आहेत. संध्याकाळी राखेनं काच पुसायचं काम घरातल्या लहान मुलाचं, कारण हात आत जायचा त्याचाच!

पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडचा भर होता तो कंदिलाच्या काचा, बरण्या, बाटल्या, बांगड्या अशा गोल वस्तूंवर. फुंकनळीनं फुगवलेली काच मुळातच गोल होते. खिडकीची सपाट काच ही त्याहून फार अवघड. जुन्या काळी युरोपात काचेचा लांब नळा फुगवायचे, तो उभा चिरायचे, पुन्हा तापवून उलगडायचे, तेव्हा कुठे पत्रा मिळायचा. बेल्जियममधल्या एमिल फूर्को यांनी वितळलेल्या काचेतून सरळ उभा पत्रा ओढून काढायची युक्ती शोधली. १९१४ च्या सुमारास ती कारखान्यात चालू झाली. बेल्जियमची काच आपल्याकडे इतकी आली की चांगल्या आरशाला आपण आजही 'बेल्जियमचा' म्हणतो. वार्ष्णेयांनी पुढे उत्तर प्रदेशात बहजोई इथे कारखाना चालवला, तिथे ही सपाट काच होऊ लागली. आपल्याकडे सपाट काचेच्या कामाची सुरुवात झाली ती अशी.

या ओढलेल्या काचेला लाटा असत. जुन्या वाड्याच्या खिडकीतून बाहेरचं झाड बघताना डोकं थोडं हलवलं की झाड वाकडं व्हायचं, आठवतं का? तो त्या ओढण्याचा गुण. १९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथलावर काच तरंगवून पसरायची रीत जाहीर केली आणि लाटा गेल्या. आपल्या राज्यातही पनवेलजवळ तळोज्याला १९९० च्या दशकात अशी तरंगती काच तयार होऊ लागली.

आता गाडीकडे येतो. पूर्वीच्या मालमोटारीच्या दाराची काच सपाट, चौकोनी. जीपला तर काचच नसे, ताडपत्रीचा पडदा आणि त्यात एक पिवळट प्लॅस्टिकचा तुकडा शिवलेला. काच फुटली तर गावचा काचवाला होताच. आमच्याकडे एक चाचा होते. देवांच्या तसबिरी मढवणं हा मूळ धंदा. हिऱ्याची पेन्सिल, लाकडी पट्टी आणि रॉकेलची चिंधी एवढीच हत्यारं. पट्टी ठेवून एकदाच ओढायचे, कर्र असा आवाज यायचा, मग टेबलाच्या कडेवर ठेवून हलकेच दाबलं की काच सरळ रेषेत सुटायची. मी शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटांच्या काचा त्यांच्याकडूनच बसवून घेत असे. ट्रकवाले, टेम्पोवाले त्यांच्याकडेच येत. जुन्या काचेचा तुकडा आणला तर बरं, नाहीतर पुठ्ठ्याचं माप चालायचं.

एसटीचंही तसंच. विदर्भात आधी प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्टच्या गाड्या होत्या, १९६१ साली त्या एसटीत विलीन झाल्या. एसटीच्या खिडकीची सरकती काच हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. अर्ध्या काचा हलत नसत, उरलेल्या थांबत नसत! आणि आंदोलन कुठलंही असो, पहिला दगड एसटीच्या काचेवर. महाराष्ट्राच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या चळवळींचा इतिहास लिहिताना कुणीतरी आगाराच्या कोठीतली काचेची नोंदवही बघावी असं मला फार वाटतं. फुटलेल्या काचेच्या जागी पत्रा ठोकलेली गाडी महिनोन्‌महिने फिरायची, आणि त्या जागेवर बसणाऱ्याला बाहेरचं काही दिसायचं नाही.

साध्या काचेचा मोठा दोष म्हणजे ती फुटते तेव्हा तिच्या सुऱ्या होतात. मोटारी वेगानं धावू लागल्या तेव्हा युरोप-अमेरिकेत लोक अपघातापेक्षा काचेनेच जास्त चिरले जात. यावर दोन इलाज निघाले आणि दोन्हींच्या गोष्टी मजेशीर आहेत.

पहिला इलाज पॅरिसच्या एदुआर बेनेदिक्तुस यांचा. हे चित्रकार आणि रसायनशास्त्रज्ञ, दोन्ही. १९०३ साली त्यांच्या हातून फळीवरचा एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत पूर्वी ठेवलेल्या द्रावणाचा पातळ पापुद्रा वाळून बसला होता, त्यानं तुकडे धरून ठेवले. त्यावरून दोन काचांच्या मध्ये पापुद्रा घालायची युक्ती निघाली, १९०९ साली पेटंट झालं. आज आपल्या गाडीची समोरची काच असते ती ही, लॅमिनेटेड. तडा जातो, जाळं होतं, पण काच जागा सोडत नाही. आपल्या मोटार वाहन नियमांतही समोरची काच लॅमिनेटेडच हवी असं आहे.

दुसरा इलाज म्हणजे पुतण्याच्या दारातली काच. हिचं मूळ सतराव्या शतकातल्या एका खेळण्यात आहे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की शेपटीचा एक मणी तयार होतो. मण्यावर हातोडा मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक मोडा, अख्खा मणी पिठासारखा उडतो! प्रिन्स रूपर्टनं हे थेंब १६६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नेले आणि राजाच्या दरबारात त्यांची करमणूक झाली. करमणुकीचं काम व्हायला दोनशे वर्षं गेली. १८७४ साली फ्रान्समधल्या द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून कडक करायचं पेटंट घेतलं. पुढे १९३० च्या आसपास तेल जाऊन थंड हवेचे फवारे आले, आणि मोटारीच्या दारात ही 'टफन' काच बसू लागली.

शाळेत मी ही गोष्ट भाकरीवरून समजावून सांगत असे. तव्यावरून उतरलेली भाकरी वरून आधी निवते, आत वाफ असते. काच सहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी जोरात हवा मारतात. वरचा थर लगेच घट्ट होतो. आतला नंतर निवतो, आकसू बघतो, पण वरच्यानं आधीच जागा धरलेली असते. मग आतला थर वरच्याला कायम आत ओढत राहतो. वर दाब, आत ताण. बाहेरून मार बसला तरी आधी तो दाब संपवावा लागतो, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची. पण एकदा तडा आतल्या ताणापर्यंत पोचला की सगळा साठा एका क्षणात मोकळा होतो आणि काचेचे दाणे होतात. दाणे बोथट असतात. म्हणून पोऱ्याला ओरखडा नाही.

आणि म्हणूनच ही काच कापता येत नाही. चाचांच्या हिऱ्याची रेघ म्हणजे मुद्दाम पाडलेला तडाच की! आधी आकार द्यायचा, भोकं पाडायची, कडा घासायच्या, वाकवायची, आणि सगळ्यात शेवटी टफन करायची. त्यानंतर तिच्यावर कुणाची पेन्सिल चालत नाही. चाचा आता नाहीत, त्यांचा मुलगा दुकान चालवतो. घरच्यांच्या आग्रहाखातर मी त्याच्याकडे गेलोच. तो हसून म्हणाला, "गुर्जी, हे काच कापल्या जात नाही. अन् तुमच्या गाडीचं तं वाकडं हाय." तेही खरं. दाराला बाक आला आहे. अमेरिकेत १९५७ च्या इम्पीरियल गाडीपासून बाकदार दारकाचा रूढ होऊ लागल्या, त्या आता आपल्या टेम्पोपर्यंत पोचल्या आहेत. सपाट दार असतं तर लॅमिनेटेड काच त्यानं कापून दिली असती, ती कापता येते. बाकदार दाराला साच्यातूनच आलेली हवी.

त्याच्या दुकानात उभा असलेला एक टेम्पोवाला म्हणाला, साधी चार एमएमची काच बसवून घ्या, कोण बघतं! मला हे ऐकवलं नाही. बाजूच्या सीटवर बसलेल्या माणसाचा गळा त्या काचेपासून वीतभर अंतरावर असतो हो. पुतण्याला बजावून सांगितलं, महिनाभर गाडी पन्नीवर चालव, पण साधी काच दारात घालायची नाही. नियमही तेच सांगतो, दाराला सुरक्षा काचच लागते आणि तिच्यातून निदान पन्नास टक्के उजेड आत आला पाहिजे. (समोरच्या आणि मागच्या काचेला सत्तर टक्के. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मा उतरवायला लावल्या त्या याच नियमाच्या आधारे.)

मग काच मागवली. आली अकराव्या दिवशी. आधी नागपूरला नाही, मग पुण्याहून निघाली, मग अकोल्यात पडून राहिली, अशी तिची यात्रा. तोवर दाराला पन्नी आणि चिकटपट्टी, आणि पाऊस तर विचारू नका. किराण्याच्या दोन खेपा भिजल्या. विजेच्या गाडीला डिझेल लागत नाही हे सांगणारे पुष्कळ भेटतात, दाराची काच कुठे ठेवली आहे हे सांगणारा एकही भेटला नाही. ज्या जिल्ह्यात गाडी विकता, त्या जिल्ह्यात तिच्या दोन दारकाचा ठेवायला काय हरकत आहे? काच काही नासत नाही.

बसवायची कुणी, हा दुसरा प्रश्न. आमच्या ओळखीच्या मेस्त्रीनं आधी हातच जोडले. "करंट लागला तं?" त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. या गाडीत मोठ्या दाबाची वीज असते. पण ती असते खालच्या बॅटरीत आणि मोटरकडे जाणाऱ्या जाड केशरी तारांत. केशरी रंग त्यासाठीच राखून ठेवलेला आहे. दारात येतात त्या बारीक तारा, बारा व्होल्टच्या, इतर कुठल्याही गाडीत असतात तशाच. पुतण्यानं त्याला खाली वाकून केशरी तारा दाखवल्या, दारातल्या दाखवल्या, चावी काढून खिशात घातली. मग गडी तयार झाला.

आणि मंडळी, तासाभराचं काम हो ते! मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो. दाराचं हँडल आणि हातटेकीचे स्क्रू काढले, आतलं पॅनल क्लिपांतून सोडवलं, मागची पन्नी जपून सोलली. दाराच्या पोटात पसाभर काचेचे दाणे. ते व्हॅक्यूमनं ओढून काढले, कारण खाली पाणी निघून जायची भोकं असतात, ती बुजली तर दार आतून गंजतं. रबरी खाचेतले दाणे त्यानं एकेक करून चिमट्यानं वेचले. एक जरी राहिला तरी नव्या काचेवर रेघ उठते. मग काच तिरपी करून आत सोडली, खालची कड रबर घालून मशीनच्या पट्टीत बसवली, दोनदा खाली-वर केली. कुठेही लोखंडाला कड टेकू दिली नाही. "कड लय नाजूक राहते गुर्जी," तो म्हणाला.

हे वाक्य ऐकून मला टेस्लाच्या सायबरट्रकची आठवण झाली. हाही विजेचा टेम्पोच, फक्त अमेरिकन श्रीमंतांचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसला त्याचा मोठा समारंभ झाला. काच फुटत नाही हे दाखवायला कंपनीच्या मुख्य डिझायनरनं तिच्यावर लोखंडी गोळा फेकला. काच तडकली. मागच्या दारावर फेकला, तीही तडकली! सगळ्या जगानं पाहिलं. नंतर इलॉन मस्क यांनी खुलासा केला की आधी दारावर घण मारून दाखवला होता, त्यानं काचेची खालची कड तडकली असावी. म्हणजे वाशिमचा मेस्त्री जे सांगत होता तेच. मात्र ती काच खाली पडली नाही, जाळं होऊन जागीच राहिली. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यानं वाऱ्याचा आवाज फार जाणवतो, म्हणून महागड्या गाड्यांच्या दारांनाही आता लॅमिनेटेड काच बसू लागली आहे. पापुद्रा आवाजही अडवतो. आमच्या टेम्पोला अजून साधी टफनच आहे, आणि वारा ऐकू येतो तो येतो.

गंमत म्हणजे विजेचा टेम्पो ही नवी वस्तू नाहीच. इंग्लंडात पहाटे घरोघर दूध टाकणाऱ्या विजेच्या गाड्या विसाव्या शतकात वर्षानुवर्षं धावल्या. आवाज नाही म्हणून गिऱ्हाइकांची झोपमोड नाही. दूधवाल्याला दर घराशी उतरायचं, म्हणून पुष्कळ गाड्यांना दारच नसायचं. दार नाही, काच नाही, अकरा दिवस थांबणं नाही!

जाता जाता दोन गोष्टी सांगतो, नातवंडांना दाखवा. गाडीच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक छाप असतो, त्यात कारखान्याचं नाव आणि बहुधा आयएस २५५३ हा आकडा असतो. कुणी बदली काच बसवून दिली तर आधी तो छाप शोधा, नसेल तर काच परत द्या. आणि सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना पोलराइज्ड काळा चष्मा लावून एखाद्या मोटारीची मागची काच बघा. तिच्यावर ओळीनं काळसर ठिपके दिसतात. चष्मा काढला की जातात. कारखान्यात तापलेल्या काचेवर हवेचे फवारे जिथे जिथे बसले, त्या त्या जागा आहेत त्या.